रेघेचं घराणं

टिनटिनचा चेहरा नीट पाहा. डोळ्यांचे दोन ठिपके, नाकाचं छोटंसं वळण, कपाळावर उभी राहिलेली केसांची बट. संपलं. आता त्याच चौकटीतलं जहाज पाहा: दोर, शिड्या, गोल खिडक्या, सगळं जागच्या जागी, एखाद्या अभियंत्याने तपासून घ्यावं इतकं चोख. रेघ सगळीकडे सारख्याच जाडीची, रंग सपाट, सावली जवळजवळ नाहीच. चेहरा इतका मोकळा ठेवल्यामुळे वाचणारं पोर त्यात स्वतः जाऊन बसतं, आणि भोवतालचं जग इतकं खरं असल्यामुळे तिथून त्याचा पाय निघत नाही.

ही रेघ जन्मली वर्तमानपत्रात. 10 जानेवारी 1929 रोजी ब्रुसेल्समधल्या एका दैनिकाच्या मुलांच्या पुरवणीत चित्रकथाकार एर्जेने टिनटिनला पहिल्यांदा प्रवासाला धाडलं. दर आठवड्याला थोडीच पानं मिळत, म्हणून शेवटच्या चौकटीत नायकाला संकटात लटकवून ठेवायचं, म्हणजे पोरं पुढच्या अंकाची वाट बघणार. 1934 मध्ये चांग या चिनी कलाविद्यार्थ्याशी एर्जेची गाठ पडली. कुंचल्याची शिस्त आणि परका देश अभ्यासून काढण्याची सवय त्याला तिथे लागली. पुढे महायुद्धात कागद मिळेना, तेव्हा प्रकाशकाने 62 रंगीत पानांचं माप ठरवलं आणि तेच कायमचं झालं. या शैलीला ‘स्वच्छ रेघ’ हे नाव मात्र फार उशिरा, 1977 साली, योस्ट स्वार्ते या डच चित्रकाराने दिलं.

आपल्याकडचं घराणं वेगळं. मार्च 1964 मध्ये मुंबईत टाइम्स ऑफ इंडियाच्या छत्राखाली ‘इंद्रजाल कॉमिक्स’ सुरू झालं आणि ली फॉकचा फँटम मराठी घरांत वेताळ होऊन आला. त्या सुरुवातीच्या अंकांत गोष्टीला 28 पानं होती. मूळ पट्टी लांबली तर चौकटी कापायच्या, पण गोष्ट बसवायची. याच इंद्रजालमध्ये काम केलेले अनंत पै 1967 साली ‘अमर चित्र कथा’कडे वळले. त्या मालेचे पहिले दहा अंक सिंड्रेलासारख्या युरोपीय परीकथांचे होते, तेही कन्नडमध्ये! अकरावा अंक ‘कृष्ण’. तो काढला राम वाईरकरांनी. पैसे बेताचे, म्हणून सुरुवातीची छपाई पिवळा, निळा आणि हिरवा एवढ्यावरच भागवलेली.

वाईरकर आणि त्याच मालेचे पुण्याचे चित्रकार प्रताप मुळीक यांच्या चित्रांमागे एर्जे दिसत नाही, राजा रविवर्मा दिसतो. रविवर्म्याने 1894 मध्ये घाटकोपरला छापखाना घातला आणि देवादिकांची रंगीत चित्रं घरोघर भिंतीवर गेली. अंगाला गोलाई, वस्त्रांना चुण्या, डोळ्यांत भाव: मराठी चित्रकाराचा हात या वळणावर तयार झाला होता. त्याला सपाट रंग आणि कोरा चेहरा कसा रुचावा?

तरीही एक जण त्या स्वच्छ रेघेच्या अगदी जवळ गेला, असं माझं ठाम मत आहे. वसंत हळबे. 1980 मध्ये मुलांचं ‘टिंकल’ निघालं आणि 1983 पासून हळब्यांचा शिकारी शंभू त्यात धडपडू लागला. शंभूचा साहेबी टोप डोळ्यांवर इतका ओढलेला असतो की डोळे दिसतच नाहीत. मग भीती दाखवायची कशाने? खांद्याने, गुडघ्याने, धावताना मागे पडलेल्या पायाने. डोळ्यांवाचून माणूस जिवंत करायचा म्हणजे रेघ किती पक्की लागत असेल! या माणसाचं नाव आपल्या चित्रकला शाळांत शिकवलं जायला हवं.

आमच्या दिंडोशीत रद्दीच्या दुकानात ही दोन्ही घराणी कधी कधी एकाच सुतळीत बांधलेली सापडतात. टिनटिनचं मोठं, रुंद पुस्तक खाली आणि त्यावर अमर चित्र कथेचे पातळ अंक. खरा फरक या जाडीतच आहे. त्यांची गोष्ट आठवड्या-आठवड्याने वाढत गेली आणि मग पुस्तक झाली. आपली गोष्ट 32 पानांच्या अंकात सुरू व्हायची आणि तिथेच संपायची. देशोदेशींचा लांबचा पल्ला गाठणारा नायक त्या पानांत मावत नव्हता.

तो नायक मराठीत गद्यात वाढला. ज्यूल व्हर्नच्या साहसकथा मराठीत आणणाऱ्या भा. रा. भागवतांनी फुरसुंगीचा बनेश फेणे घडवला. काडीसारखा पोरगा, तोंडात ‘ट्टॉक’, आणि पुण्यापासून काश्मीरपर्यंत जिथे जाईल तिथे भानगड त्याची वाट बघत असायची. त्याची एखादी अख्खी मोहीम 62 रंगीत पानांत, हळब्यांच्या तोलाच्या रेघेने काढलेली मला वाचायची आहे. फुरसुंगीची वाट, पुण्याचे वाडे, सायकलच्या चाकातली एकेक तार, सगळं टिनटिनच्या जहाजाइतकं चोख. आणि फेण्याचा चेहरा मात्र चार रेघांत.