पाणचक्कीचं शहर आणि एक न मिळणारी डिग्री

दहावी-बारावीच्या निकालानंतर आपल्या संभाजीनगरात घराघरांत एकच चर्चा असते. कॉम्प्युटर मिळेल का, मेकॅनिकलला आता स्कोप आहे का, पोराला पुण्याला पाठवायचं का? या चर्चेत एका विषयाचं नाव मी कधीच ऐकलं नाही. तो विषय म्हणजे बिल्डिंग ऑटोमेशन. गंमत अशी की हा विषय शिकवायला आपल्या शहराइतकं जुनं गाव शोधून सापडणार नाही.

आधी हे काय असतं ते साध्या भाषेत सांगतो. मोठं हॉस्पिटल, मॉल, आयटी कंपनी, औषधाचा कारखाना घ्या. तिथला एसी, पंप, लाइट, फायर अलार्म, लिफ्ट, पाण्याच्या टाक्या हे सगळं एका कंट्रोल रूममधून चालतं. सेन्सर तापमान सांगतो, कंट्रोलर ठरवतो, व्हॉल्व्ह उघडतो किंवा बंद होतो. माणूस फक्त लक्ष ठेवतो. ऑपरेशन थिएटरमधली हवा किती शुद्ध, किती थंड, किती दमट, हेही त्यातच आलं. म्हणजे चैनीचा विषय नाही हा, जिवाचा आहे.

याची सुरुवात कुठे झाली माहितीये? एका वर्गात. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात वॉरन जॉन्सन नावाचे मास्तर होते. वर्गात थंडी वाजते की उकडतंय, हे बघायला शिपाई दर थोड्या वेळाने दार उघडून आत यायचा आणि शिकवणं थांबायचं. मास्तर वैतागले आणि त्यांनी तापमान बदललं की खाली घंटा वाजेल असं विजेचं यंत्र बनवलं. 1883 ला पेटंट, 1885 ला कंपनी. आजच्या थर्मोस्टॅटचा हा पूर्वज.

आता आपल्याकडे या. त्याच्याही अडीचशे वर्षं आधी मलिक अंबरने खडकी गावात, म्हणजे आपल्याच शहरात, नहर-ए-अंबरी आणली. विजेची मोटर नाही, इंजिन नाही. डोंगरातलं पाणी जमिनीखालून नुसत्या उताराच्या हिशोबावर शहरभर फिरवलं. पुढे पाणचक्की आली. हर्सूलच्या बाजूने मातीच्या नळातून पाणी येतं, भिंतीत उंच चढतं आणि वरून हौदात कोसळतं. त्याच पाण्याच्या जोरावर जातं फिरायचं, यात्रेकरूंसाठी पीठ दळलं जायचं. तिथल्या हौदाचा तळ म्हणजे खालच्या दालनाचं छत. म्हणून भर मे महिन्यातही ते दालन गार. आजच्या भाषेत पाणीपुरवठा, ऊर्जा आणि कूलिंग, तिन्ही एकाच सिस्टीममध्ये. त्याला ऑटोमेशन म्हणणं जरा जास्त होईल, पण इमारतीने स्वतःचं स्वतः सांभाळावं हा विचार तोच.

मग एवढी अक्कल असलेल्या शहरात शिक्षण का मागे पडलं? कारण ज्ञान होतं, संस्था नव्हती. पुण्यात इंजिनिअरिंगचं शिक्षण 1854 ला सुरू झालं. आपण तेव्हा निजामाच्या राज्यात. उस्मानिया विद्यापीठ 1918 चं, ते हैदराबादला आणि शिकवणं उर्दूतून. इथे इंटरपर्यंतची सोय झाली, डिग्रीसाठी हैदराबाद गाठायचं. गरिबाच्या पोराला कुठून जमणार? 1948 ला मुक्ती मिळाली. 1950 ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी इथे कॉलेज काढलं, तेच आपलं मिलिंद. 1958 ला विद्यापीठ आलं आणि 1960 ला शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय. पुणे आणि आपल्यात फरक किती? 106 वर्षं!

पुढचा इतिहास तुम्हाला पाठ आहे. 1985 ला वाळूजला बजाज आली, पाठोपाठ शेकडो वर्कशॉप उभे राहिले. मग शेंद्रा, बिडकीन, ऑरिक. 7 सप्टेंबर 2019 ला ऑरिक हॉलचं उद्घाटन झालं. अख्ख्या शहराचं पाणी, वीज, कॅमेरे एका कंट्रोल सेंटरमधून बघायचे ही त्यामागची कल्पना. आता प्रश्न असा की त्या स्क्रीनसमोर बसणार कोण?

मी इलेक्ट्रिकल डिप्लोमावाला. हे काम साइटवर शिकलो, सिनिअरच्या मागे शिडी धरून. चिलर मेकॅनिकलवाल्याचा, वायरिंग इलेक्ट्रिकलवाल्याची, सेन्सर इन्स्ट्रुमेंटेशनवाल्याचा, नेटवर्क कॉम्प्युटरवाल्याचं. कॉलेजात हे चार वेगवेगळे विभाग आणि साइटवर चारही एकाच पॅनेलमध्ये. वेगवेगळ्या कंपन्यांची उपकरणं एकमेकांशी बोलावीत म्हणून बॅकनेट नावाचं स्टँडर्ड 1995 मध्येच आलं. ते शब्द आमच्या पुस्तकात नव्हते. जर्मनीत याच विषयात रीतसर पदवी घेता येते. इथली पोरं पुण्या-मुंबईला जातात, खोलीभाडं भरतात, दोन वर्षं हेल्पर म्हणून काढतात, तेव्हा कुठे काम कळतं. ज्याच्या घरी भाडं द्यायची ऐपत नाही, तो राहतोच मागे. 1940 साली जे हैदराबादबाबत होतं, तेच आज पुण्याबाबत आहे.

यावर उपाय काय? नवं कॉलेज बांधायची गरज नाही. एआयसीटीईच्या नियमांत मुख्य डिग्रीसोबत साधारण 18 ते 20 क्रेडिटची मायनर डिग्री घेण्याची सोय आहे. आपलं शासकीय अभियांत्रिकी स्वायत्त आहे. विद्यापीठाच्या परिसरात नाईलिट आहे. चार विभागांतले विषय एकत्र करायचे, एक लॅब उभी करायची आणि शेंद्रा-वाळूजच्या कंपन्यांत सहा महिन्यांची इंटर्नशिप लावायची. पॉलिटेक्निकमध्येही हे जमेल.

मिलिंद असो की विद्यापीठ, मराठवाड्याला मागितल्याशिवाय काही मिळालेलं नाही. या वर्षी ॲडमिशनला जाल तेव्हा पालकांनो, प्लेसमेंटच्या आकड्यासोबत एवढंही विचारा: "बिल्डिंग ऑटोमेशन शिकवता का? नसेल तर कधी सुरू करणार?" शंभर पालकांनी विचारलं तर कॉलेजला उत्तर द्यावं लागेल. पुन्हा 106 वर्षं थांबायला आपल्याकडे वेळ नाही.