उदयनगरची राखी

वैऱ्याला क्षमा करणे संतांनाच जमते, साध्या कॅथलिक घराला ते झेपणारे नाही, असे नेहमी म्हटले जाते. मध्य प्रदेशातल्या उदयनगरचा इतिहास याच्या उलट साक्ष देतो. केरळच्या सिस्टर रानी मारिया तिथल्या आदिवासींना सावकारी पाशातून सोडवत होत्या. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी इंदूरच्या बसप्रवासात त्यांचा सुऱ्याने भोसकून खून झाला. २००२ साली त्यांची धाकटी बहीण सिस्टर सेल्मी पॉल तुरुंगात गेल्या आणि त्यांनी मारेकऱ्याच्या मनगटावर राखी बांधली. सुटल्यावर तो केरळला त्यांच्या घरीही गेला. रानी मारियांच्या आईने त्याचे हात हातात घेऊन चुंबले. लेकीचे रक्त लागलेले हात होते ते! राखी काही चर्चचा विधी नव्हे. क्षमेची आज्ञा बायबलची, रीत मात्र शेजारपाजारची, आणि म्हणूनच ही क्षमा रोजच्या जगण्यातली वाटते.

अशाने न्याय दुबळा होतो, हा आक्षेप गंभीर आहे. पण इथे खटला चालला, जन्मठेप झाली. कुटुंबाने त्याच्या सुटकेसाठी शब्द टाकला तो शिक्षेची बरीच वर्षे सरल्यावर, आणि त्याला निर्दोष कधीच म्हटले नाही. उलट, क्षमा करायची तर आधी गुन्ह्याला गुन्हा म्हणावेच लागते. सुरा चालवणाऱ्याला माफी मिळाली म्हणून रानी मारिया जिच्याविरुद्ध लढल्या ती सावकारी पिळवणूक माफ झाली नाही. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदुरात चर्चने रानी मारियांना ‘धन्य’ घोषित केले, ते त्यांना हुतात्मा मानूनच.