मानमोडी, राणीखेत, लासोटा

कोंबडी किंवा टर्की घुरघुरायला लागली, चोच उघडून श्वास घ्यायला लागली, की आमच्या सिन्नरकडं पहिला संशय मानमोडीचा. पुढं पक्ष्याची मान वाकडी होते, म्हणून हे नाव. १९२६ मध्ये हा आजार इंग्लंडातल्या न्यूकॅसलला ओळखला गेला, त्याच सुमारास कुमाऊंतल्या राणीखेतला. जगानं पहिलं नाव घेतलं, आपण दुसरं. लसीचं ‘लासोटा’ हे नाव म्हणजे न्यू जर्सीतल्या एका कोंबडीपालकाचं आडनाव. त्याच्याच फार्मवर १९४६ साली हा सौम्य विषाणू मिळाला.

शंभर वर्षं झाली, तरी मानमोडीच्या विषाणूवर औषध नाही. अँटिबायोटिक चालतं ते मागून आलेल्या जिवाणूंवर. परसातल्या दहा पक्ष्यांवर बाईचा मीठ-मिरचीचा खर्च निघतो. म्हणून मी सगळ्यांना एकच सांगतो: पिल्लाच्या पहिल्या आठवड्यात लासोटाचा एक थेंब डोळ्यात घालाच.