साथ, आगगाडी आणि प्रवाशांचा शब्द



साथीचा रोग शहरात शिरला की रस्त्याचे महत्त्व एकाएकी वाढते. काही लोकांना त्या रस्त्याने दूर निघून जावयाचे असते, काहींना पोटासाठी त्याच रस्त्याने रोज कामावर जावयाचे असते आणि राज्यकर्त्यांना तो रस्ता अडवावयाचा असतो. या तिन्ही गरजा खऱ्या असतात; परंतु त्या एकाच वेळी पुऱ्या होऊ शकत नाहीत. त्यांचा झगडा सर्वांत स्पष्ट दिसतो तो रेल्वेच्या फलाटावर. गेल्या सव्वाशे वर्षांत हा झगडा आपल्या मुलखात दोनदा मोठ्या प्रमाणावर झाला. त्या दोन्ही प्रसंगांत सामान्य प्रवाशाचे म्हणणे कोणी आणि किती ऐकले, याचा आज विचार करावयाचा आहे.

पहिला प्रसंग प्लेगचा. सन १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात हा रोग प्रथम ओळखला तो डॉ. अकासियो गाब्रिएल व्हिएगस यांनी. हे मूळचे गोव्यातील हडफडे गावचे. रोगाची वार्ता पसरताच लोक मुंबई सोडू लागले. आठ लाखांहून अधिक वस्तीच्या त्या शहरातून १८९७ च्या आरंभापर्यंत जवळजवळ निम्मी माणसे बाहेर पडली, असा त्या काळचा अंदाज आहे. त्यांतील बहुतेकांचे साधन आगगाडी हेच होते आणि गाडीबरोबर रोगही प्रवास करू लागला. इकडे युरोपातील राष्ट्रांना हिंदुस्थानातून येणाऱ्या जहाजांचे भय वाटू लागले. त्यासाठी १८९७ मध्ये व्हेनिस येथे आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषदही भरली. काहीतरी कडक उपाय योजलेले दिसणे सरकारला आवश्यक झाले. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथीच्या रोगांचा कायदा अमलात आला. कायदा अगदी आटोपशीर. पण रेल्वेने प्रवास करणाऱ्यांची तपासणी करण्याचा आणि संशयित माणसास वेगळे ठेवण्याचा अधिकार त्यात स्पष्ट शब्दांत दिलेला आहे.

या अधिकाराचा अनुभव सर्वांना सारखा आला नाही. वरच्या वर्गातील प्रवाशाकडे अधिकारी आदराने पाहत; तिसऱ्या वर्गाच्या उतारूंना मात्र फलाटावर रांगेत उभे करून त्यांच्या काखा व जांघा गाठींसाठी चाचपून पाहिल्या जात. स्त्रियांची तपासणी परपुरुषाने करावी, ही गोष्ट तर लोकांना असह्य झाली. त्या प्रवाशांची संघटना नव्हती, त्यांचे मत कोणी विचारीत नव्हते. वर्तमानपत्रांतील लेख आणि अर्ज-विनंत्या एवढेच मार्ग त्यांच्यापाशी होते. पुण्यात घरझडतीच्या जाचाने लोकक्षोभ किती विकोपास गेला, २२ जून १८९७ रोजी रँडवर गोळी कशी झाडली गेली आणि त्याच वर्षी लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला कसा झाला, हे आपण सारे जाणतोच. उपाय रोगावरचा असला, तरी तो ज्यांच्यावर करावयाचा त्यांना विश्वासात घेतले नाही म्हणजे काय होते, याचा तो धडा होता.

सन १९१८ च्या इन्फ्ल्युएंझाची साथही मुंबई बंदरात उतरली आणि रेल्वेच्या मार्गांनी देशभर पसरली. एक कोटीहून अधिक माणसे तिने नेली. परंतु पुढल्या शंभर वर्षांत आगगाडीचे आणि मुंबईचे नातेच बदलून गेले. बोरीबंदर ते ठाणे ही गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली, तेव्हा ते एक नवल होते. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी विजेवर चालणारी गाडी सुरू झाली आणि घर एका गावी व काम दुसऱ्या गावी असे आयुष्य शक्य झाले. पुढे विरार, बदलापूर, पनवेल अशी वस्ती लांबत गेली. विरारहून चर्चगेट साठ किलोमीटर. तरीही ते अंतर माणसे रोज दोनदा तोडू लागली. सन २०२० च्या आरंभी या उपनगरी गाड्यांच्या तीन हजारांहून अधिक फेऱ्या रोज होत आणि पाऊण कोटीच्या आसपास प्रवासी त्यांतून जात. इंदूर, बडोदे, बेळगाव, हैदराबाद येथील कितीतरी मराठी घरांतील मुलगा, भाऊ वा जावई याच गर्दीत उभा असे.

मार्च २०२० मध्ये करोनाची साथ आली तेव्हा महाराष्ट्र शासनाने तोच १८९७ चा कायदा पुन्हा हाती घेतला. २२ मार्चच्या मध्यरात्रीपासून उपनगरी गाड्या थांबल्या. संप, महापूर, बाँबस्फोट यांनीही ज्या गाड्या काही तासांपलीकडे सहसा अडल्या नाहीत, त्या जवळजवळ तीन महिने सामान्यांसाठी उभ्या राहिल्या. १५ जून २०२० रोजी त्या पुन्हा निघाल्या; पण केवळ अत्यावश्यक सेवेतील कर्मचाऱ्यांसाठी. बाराशे बैठकींच्या गाडीत सातशेच माणसे बसावीत असे ठरले.

अधिकाऱ्यांची भीती खोटी नव्हती, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. गर्दीच्या वेळी या डब्यांत माणसे छातीला छाती लावून उभी असतात. श्वासावाटे पसरणाऱ्या रोगास याहून सोयीची जागा दुसरी कोणती? बेस्टच्या बसगाड्या त्या काळातही चालू राहिल्या आणि त्या चालविणाऱ्या अनेक कर्मचाऱ्यांनी प्राण गमावले. तेव्हा निर्बंध असावेत की नसावेत हा प्रश्न नव्हताच. ‘आवश्यक’ कोण, हे कोणी ठरवावे, हा खरा प्रश्न होता.

रुग्णालयातील परिचारिका आवश्यक, हे कोणीही मान्य करील. परंतु ८ जून २०२० पासून खासगी कचेऱ्यांना थोड्या माणसांनिशी काम सुरू करण्यास परवानगी मिळाली. नालासोपाऱ्यात राहून अंधेरीच्या कचेरीत हिशेब लिहिणारा कारकून कामावर तर बोलावला गेला. मात्र गाडीत बसण्याचा हक्क त्याला नव्हता. त्याने एस. टी. किंवा बेस्टच्या बसथांब्यावर तासन् तास उभे राहावे आणि बसच्या गर्दीत तोच धोका पत्करावा, असे झाले. २२ जुलै २०२० च्या सकाळी नालासोपारा येथे एस. टी. च्या गाड्या मिळाल्या नाहीत, तेव्हा संतापलेले प्रवासी स्थानकात शिरून रुळांवर उतरले. रेल्वे अडविणे हा मार्ग समर्थनीय नाही. पण त्यांचे म्हणणे ऐकण्यासाठी दुसरी जागाही कोणी नेमून दिलेली नव्हती.

यानंतरचा इतिहास हा एकेका वर्गास दार किलकिले करून आत घेण्याचा आहे. प्रवासी संघटनांनी निवेदने दिली, वकिलांनी आपल्यासाठी उच्च न्यायालयात दाद मागितली, वर्तमानपत्रांनी बसथांब्यांवरील रांगांची छायाचित्रे छापली. मग कर्करोगाचे रुग्ण व अपंग, मग डबेवाले, मग शिक्षक अशी यादी वाढत गेली. स्त्रियांच्या बाबतीत तर एक विचित्र प्रकार घडला. राज्य शासनाने १७ ऑक्टोबर २०२० पासून स्त्रियांना प्रवास करू द्यावा असे कळविले. रेल्वेने तत्काळ होकार दिला नाही, आणि ऐन नवरात्रात स्त्रिया दोन सरकारी पत्रांच्या मध्ये खोळंबल्या. अखेर २१ ऑक्टोबरपासून सकाळी ११ ते दुपारी ३ आणि संध्याकाळी ७ नंतर अशी मोकळीक मिळाली. सकाळी नऊला कामावर हजर व्हावयाचे असणाऱ्या स्त्रीला अकराच्या गाडीचा उपयोग काय, हे तिला कोणी विचारले असते तर तिने एका वाक्यात सांगितले असते.

सर्व लोकांसाठी गाड्या खुल्या झाल्या त्या १ फेब्रुवारी २०२१ रोजी. त्याही पहाटे सातपर्यंत, दुपारी बारा ते चार आणि रात्री नऊनंतर. एप्रिलमध्ये दुसरी लाट आली आणि दार पुन्हा लागले. १५ ऑगस्ट २०२१ पासून लशीच्या दोन्ही मात्रा घेऊन चौदा दिवस झालेल्यांस पास मिळू लागला. नियम वरवर न्याय्य दिसतो. पण अठरा ते चव्वेचाळीस वयाच्या लोकांना लस खुली झाली ती १ मे रोजी, आणि कोव्हिशील्डच्या दोन मात्रांत बारा ते सोळा आठवड्यांचे अंतर ठेवणे १३ मे पासून आवश्यक झाले होते. म्हणजे ज्या तरुण कामकरी वर्गाला गाडीची सर्वांत अधिक गरज, त्यातील बहुतेकांना हा नियम पाळणे त्या दिवशी शक्यच नव्हते! पुढे फेब्रुवारी २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हे निर्बंधाचे आदेश विहित पद्धतीने काढले गेले नव्हते, अशा आशयाचे मत दिले. एप्रिल २०२२ च्या आरंभी राज्यातील निर्बंध उठले.

ही गोष्ट केवळ मुंबईची नव्हे. हैदराबादेत शहराच्या बसगाड्या सप्टेंबर २०२० च्या अखेरीस परतल्या, मेट्रो त्याच महिन्याच्या ७ तारखेस परतली. परंतु कमी भाड्याची एम.एम.टी.एस. गाडी पुन्हा धावण्यास २३ जून २०२१ उजाडले. पंधरा महिने! स्वस्त वाहन सर्वांत शेवटी परतले, हे लक्षात घेण्याजोगे आहे. देशभरातील पॅसेंजर गाड्या जेव्हा पुन्हा निघाल्या, तेव्हा त्यांतील अनेक ‘विशेष’ म्हणून, जलद गाडीचे भाडे घेऊन निघाल्या. दहा रुपयांचे किमान तिकीट तीस रुपये झाले. ते पूर्ववत होण्यास फेब्रुवारी २०२४ यावे लागले. वृद्धांची भाडेसवलत २० मार्च २०२० रोजी स्थगित झाली, ती नेहमीच्या गाड्या परतल्यावरही त्यांच्याबरोबर परतली नाही. साथीच्या नावाने काढून घेतलेली सोय साथ संपल्यावर आपोआप परत मिळते, हा भ्रम या अनुभवाने दूर व्हावा.

आता दोन्ही प्रसंग शेजारी ठेवून पाहू. १८९७ चा उतारू मुका होता. २०२० च्या प्रवाशापाशी संघटना होती, न्यायालय होते, मतदानाचा हक्क होता. त्याला पुष्कळ मिळाले, हे खरे. परंतु जे मिळाले ते निर्णय झाल्यावर, झगडून मिळाले; निर्णय होताना त्याला विचारले गेले नाही. शिवाय ज्यांची संघटना होती त्यांचे म्हणणे आधी ऐकले गेले. घरकाम करणारी बाई, दुकानातला नोकर, रोजंदारीचा गवंडी यांच्या वतीने कोणी न्यायालयाची पायरी चढण्यास वेळ लागला आणि यादीत त्यांचे नाव शेवटपर्यंत आले नाही. ते आले सर्वांबरोबरच.

रेल्वेच्या विभागवार सल्लागार समित्यांत प्रवाशांचे प्रतिनिधी असतात. त्या समित्यांची ओळख आपल्यापैकी किती जणांना आहे? पुढली साथ केव्हा येईल हे कोणी सांगू शकत नाही. पण ती आली तर गाड्यांवर निर्बंध येतील, हे निश्चित. ते निर्बंध किती दिवसांचे, कोणत्या कसोटीवर, आणि वगळलेल्या माणसाने दाद कोठे मागावी, या तीन गोष्टी आदेशातच लिहिलेल्या असाव्यात असा आग्रह आपल्या गावच्या प्रवासी संघाने आजच धरावयास हवा. साथ नसताना हे काम शांतपणे करता येते. साथ आल्यावर ते रुळांवर उतरून करावे लागते, आणि तेव्हा समोर गाडी उभी असते.