मेलेला योद्धा कोण उठवतो? – 1858 च्या चांद्याच्या बंडाकडे पाहताना



मुलचेऱ्यात बोलायचं ठरलं तेव्हा विषय दिला होता '1858 चं चांद्याचं बंड'. विषय तोच आहे, पण सुरुवात जरा दुरून करणार आहोत. त्याला कारण आहे. मघाशी चहा घेताना कॉलेजच्या एका मुलाच्या मोबाइलवर चित्र दिसलं. लांब वेणी, कपाळावर खूण आणि खांद्यावर माणसापेक्षा मोठं हत्यार. आम्ही विचारलं, "हा कोण बाबा?" तो म्हणाला, "सर, बानकोत्सु. विलन आहे. मेला होता, त्याला परत जिवंत केलं." शेजारचा मुलगा लगेच म्हणाला, "विलन नाही सर, त्याला फसवून मारलं होतं." दोघांचं तिथंच जुंपलं. आम्हाला वाटलं, आपलं व्याख्यान तर इथूनच सुरू होतं.

ज्यांना ही गोष्ट ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. रुमिको ताकाहाशी या जपानी लेखिकेची 'इनुयाशा' ही चित्रकथा 1996 ते 2008 या काळात साप्ताहिकात क्रमाने आली, त्यावरून पुढे ॲनिमे मालिका झाली. त्यात सात भाडोत्री योद्ध्यांची टोळी आहे आणि बानकोत्सु तिचा म्होरक्या. निरनिराळ्या सरदारांनी त्यांना पैसे देऊन लढवलं. मग त्यांच्या ताकदीची त्याच सरदारांना भीती वाटू लागली. ते एकत्र आले, सातही जणांना गाठून मुंडकी उडवली आणि त्यांचे आत्मे शांत राहावेत म्हणून वर एक समाधी बांधली. पुढे नाराकु नावाचा कपटी माणूस एका जादूच्या मण्याचे तुकडे त्यांच्या हाडांत घालून त्यांना उठवतो. तुकडा शरीरात आहे तोवर योद्धा जिवंत, काढला की पुन्हा हाडं. अर्थात तो उठतो तो स्वतःसाठी नाही. नाराकुला कुणाशी तरी लढवायचं असतं, म्हणून तो उठतो.

आता ही समाधी लेखिकेने हवेतून आणलेली नाही. अन्यायाने मेलेला बलवान माणूस शांत होत नाही, त्याची पूजा करून त्याला शांत करावं लागतं, ही जपानमधली फार जुनी समजूत आहे. उदाहरण म्हणून ताइरा नो मासाकादो घ्या. या सरदाराने 939 मध्ये पूर्व जपानचे प्रांत ताब्यात घेतले आणि स्वतःला नवा सम्राट म्हणवलं. 940 मध्ये तो लढाईत मारला गेला आणि त्याचं मुंडकं राजधानीत टांगलं गेलं. लोककथा सांगते की ते मुंडकं उडून आपल्या प्रदेशात परत आलं. जिथे पडलं म्हणतात तिथली समाधी आज टोकियोच्या मध्यभागी, बँकांच्या उंच इमारतींमध्ये जपून ठेवली आहे. दरबाराच्या दृष्टीने हा बंडखोर होता, पण तिथल्या लोकांनी त्याला कांदाच्या देवळात देव म्हणून बसवला. 1874 मध्ये सम्राटाची सत्ता नव्याने घट्ट होत होती. तेव्हा सम्राटाच्या शत्रूला देव कसं म्हणायचं, असा प्रश्न आला आणि मासाकादोला त्या देवळाच्या मुख्य देवांतून काढलं. 1984 मध्ये त्याला परत बसवलं. एकच मेलेला माणूस आधी बंडखोर, मग देव, मग पुन्हा बंडखोर आणि पुन्हा देव! त्याने स्वतः 940 नंतर काहीच केलेलं नाही, बरं का. जे काही केलं ते जिवंत माणसांनी केलं.

एवढं मनात ठेवा आणि आता आपल्या रानात या.

इथून उत्तरेला घोट आणि दक्षिणेला अहेरी. 1858 च्या गोष्टीतली ही दोन नावं मुलचेऱ्याच्या दोन बाजूंना आहेत. म्हणजे जे सांगतोय ते आपल्या अंगणातलं आहे. 1751 मध्ये चांद्याचं गोंड राज्य संपलं आणि नागपूरकर भोसल्यांचा अंमल बसला. तिसरे रघुजी भोसले 1853 मध्ये वारले. त्यांना मुलगा नव्हता, हे कारण दाखवून डलहौसीने 1854 मध्ये राज्य खालसा केलं. भोसल्यांच्या काळात रानातल्या जमीनदारांकडे राजधानीचं फारसं लक्ष नव्हतं. टाकोळी पोचली की झालं. इंग्रजांना मात्र प्रत्येक हक्काचा कागद हवा होता. पिढ्यान्‌पिढ्या ज्याचा कारभार चालत आला, त्याला आता तो कुणाच्या परवानगीने चालतो हे सांगावं लागू लागलं.

मोलमपल्लीचे जमीनदार बाबूराव पुल्लेसूरबापू शेडमाके यांचा जन्म 1833 चा. म्हणजे बंडाच्या वेळी वय जेमतेम पंचवीस, या सभागृहात मागे उभ्या असलेल्या मुलांपेक्षा थोडंच जास्त. त्यांनी गोंड आणि रोहिले यांची फौज जमवली आणि मार्च 1858 मध्ये राजगड परगण्यावर चाल केली. चांद्याचा डेप्युटी कमिशनर क्रिक्टन याने फौज पाठवली आणि नांदगाव-घोसरीजवळ लढाई झाली. अडपल्ली-घोटचे जमीनदार व्यंकटराव त्यांना येऊन मिळाले. एप्रिलअखेर प्राणहितेकाठी चिंचगुडीला तार खात्याच्या तळावर बंडवाल्यांनी हल्ला केला. त्यात गार्टलंड आणि हॉल हे दोन कर्मचारी मारले गेले, तिसरा पीटर निसटला. बाबूराव एकदा पकडले गेले आणि सुटले. सप्टेंबरमध्ये ते पुन्हा पकडले गेले आणि 21 ऑक्टोबर 1858 रोजी चांद्याच्या तुरुंगात त्यांना फाशी झाली. व्यंकटराव बस्तरकडे गेले. 1860 मध्ये तेही पकडले गेले आणि त्यांना जन्मठेप झाली.

या घटना झाल्या. आता त्या कुणी कशा लिहिल्या ते पाहू. सरकारी अहवालांत हे प्रकरण थोडक्या ओळींत येतं आणि त्याची भाषा आहे लुटालुटीची. जमीनदाराने टोळी जमवली, परगणा लुटला, पकडला गेला, फाशी दिली, विषय संपला. त्या कागदांत बाबूराव खलनायक आहेत, तेही लहानसे, किरकोळ. दक्षिणेकडच्या रानात शांतता नांदवण्यात आलेली एक अडचण, एवढंच.

पण गोंडांच्या गोष्टीत ते मरायलाच तयार नाहीत. लोककथा सांगते की त्यांनी खाल्लेल्या एका अन्नामुळे त्यांच्या अंगी दैवी शक्ती आली होती. फाशीचा दोर एकदा तुटला, पुन्हा तुटला, तिसऱ्यांदाही तुटला. शेवटी त्यांना चुन्यात टाकावं लागलं. आम्ही तत्त्वज्ञानाचे लोक, दोर खरंच तुटला का यावर वाद घालत बसणार नाही. आमचा प्रश्न वेगळा आहे. ही कथा कशाची गरज भागवते? आम्हाला वाटतं, फाशी ही सरकारने जाहीरपणे मांडलेली एक गोष्ट असते. 'हा संपला,' असं ती सांगते. तुटलेला दोर तिला उत्तर देतो. ज्यांच्या हातात ना फौज होती ना छापखाना, त्यांनी दिलेलं उत्तर. माडिया लोक आपल्या मृतांसाठी दगड उभा करतात ना, तसाच हा गोष्टीचा दगड आहे.

मग दीडशे वर्षांनी दोर दुसऱ्यांदा तुटला. 12 मार्च 2009 ला भारतीय डाक विभागाने बाबूराव शेडमाक्यांचं तिकीट काढलं. ज्या राज्ययंत्रणेच्या कागदांत ते लुटारू होते, तिच्याच वारसदार यंत्रणेने त्यांचा चेहरा पाकिटावर लावला. चांद्याच्या तुरुंगातल्या पिंपळापाशी 21 ऑक्टोबरला लोक जमतात. याचा आम्हाला आनंद आहे. हे व्हायलाच हवं होतं, उशिरा झालं.

पण मंडळी, इथे नाराकुची आठवण ठेवावी लागते. मेलेला योद्धा आपण होऊन उठत नाही. त्याला कुणीतरी उठवतं आणि उठवणारा आपला तुकडा त्याच्या मानेत बसवतो. सरकार उठवतं तेव्हा बाबूराव 1857 च्या राष्ट्रीय उठावाचे सैनिक होतात, मग त्यांचा गोंड जमीनदार असणं जरा मागे पडतं. पक्ष उठवतात तेव्हा ते पक्षाचे. ज्याला बंदुकीचं समर्थन करायचंय, त्यालाही ते उपयोगी पडतात. प्रत्येकाला योद्धा हवा असतो. मोलमपल्लीचा पंचविशीतला माणूस, ज्याच्या फौजेत भाडोत्री रोहिलेही होते आणि ज्याच्या बंडात दोन तारवाले मेले, तो पूर्ण माणूस फार थोड्यांना हवा असतो.

यापेक्षा अवघड गोष्ट पुढे आहे. खलनायक नायक झाला की खलनायकाची जागा रिकामी होते. ती रिकामी राहत नाही. इथल्या बंगाली वस्त्यांतल्या मंडळींना हे आम्ही सांगायला नको. दुर्गापूजेच्या मूर्तीत देवीच्या पायाशी महिषासुर दरवर्षी नव्या मातीने घडवावाच लागतो. त्याच्याशिवाय मूर्ती पुरी होत नाही.

बाबूरावांच्या कथेत ती जागा कुणाला मिळाली? अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाईंना. बाबूरावांना इंग्रजांच्या हवाली त्यांनी केलं, हे खरं आहे. व्यंकटरावांची जप्त झालेली अडपल्ली-घोटची जमीनदारी त्यांना बक्षीस मिळाली, हेही खरं आहे. कथेत त्या 'फितूर' आहेत आणि तिथेच त्यांची ओळख संपते. योगायोग बघा, त्याच वर्षी जूनमध्ये दुसऱ्या एका लक्ष्मीबाई ग्वाल्हेरजवळ लढताना पडल्या. एक नाव शाळेच्या पुस्तकात गेलं, दुसरं शिवीसारखं उरलं.

अहेरीच्या लक्ष्मीबाईंना निर्दोष ठरवायला आम्ही उभे नाही. पण आपण बाबूरावांना जो न्याय दिला, तोच थोडासा त्यांना देऊन पाहू. कागदाने लुटारू म्हटलं म्हणून आपण थांबलो नाही, त्यांची परिस्थिती विचारली. मग इथे का नाही विचारायची? 1854 मध्ये नागपूरचं अख्खं राज्य वारसाच्या प्रश्नावर गेलेलं त्यांनी पाहिलं होतं. चांद्यातली सगळ्यात मोठी जमीनदारी एका बाईच्या नावावर होती. बंडाचं रान तिच्या हद्दीत होतं आणि मदत करा, नाहीतर तुम्हीही बंडखोर, असं मानणारं सरकार दाराशी होतं. त्यांनी निवड केली. ती निवड आपल्याला आवडणार नाही. पण ती राक्षसाची निवड नव्हती, कोंडीत सापडलेल्या माणसाची होती. आणि ती समजली नाही, तर बाबूरावांचं मोठेपणही नीट समजत नाही. त्याच कोंडीत, तसंच सगळं गमावण्याची भीती असताना, त्यांनी दुसरी वाट धरली.

जुन्या बाईची वकिली आज कशाला, असं कुणी विचारेल. या जिल्ह्यात हा प्रश्न जुना नाही, मंडळी. 1980 नंतरची चाळीस वर्षं आठवा. जंगलातून आलेले रात्री जेवण मागतात आणि सकाळी गणवेशातले येऊन विचारतात, कुणाला जेवू घातलं? एका बाजूला 'खबऱ्या' हा शिक्का, दुसऱ्या बाजूला 'नक्षलवादी' हा शिक्का, आणि मध्ये एक माणूस, ज्याच्याकडे दोन एकर धान आणि चार लेकरं आहेत. 'खबऱ्या' या एका शब्दावर या रानात माणसं मारली गेली आहेत. दुसऱ्या शब्दावर माणसं वर्षानुवर्षं तुरुंगात बसली आहेत. फितुराशिवाय वीराची गोष्ट सांगताच येत नाही, अशी सवय एकदा लागली की ती गोष्टीपुरती राहत नाही. गावात एखाद्यावर संशय आला की तयार साचा हाताशी असतो, त्यात फक्त नाव घालायचं उरतं.

म्हणून आमचं एवढंच म्हणणं आहे. मेलेल्यांना जरूर उठवा. ज्यांचं नाव कागदाने घाण केलं त्यांना उठवणं हे आपलं देणं आहे. पण उठवताना दोन गोष्टी विचारा. याच्या मानेत कुणाचा तुकडा बसवला जातोय? आणि याच्या जागी आता कुणाला खाली गाडलं जातंय? मासाकादोला दरबाराने आणि लोकांनी हजार वर्षं फिरवलं. बाबूरावांच्या बाबतीत आपल्याला थोडं बरं वागता येईल. त्यांना माणूस म्हणून उठवता येईल, आणि समोर उभ्या लक्ष्मीबाईंनाही माणूस म्हणूनच.

मघाशी भांडणाऱ्या त्या दोन मुलांना शेवटी एक सांगतो. तुम्ही दोघंही अर्धं बरोबर होतात. बानकोत्सुने गावं जाळली हेही खरं आणि त्याला ज्यांनी वापरलं त्यांनीच मारलं हेही खरं. तुम्ही मोलमपल्लीच्या जवळचे आहात. घरी गेलात की आजीला विचारा, तिच्या गोष्टीत दोर किती वेळा तुटला. आणि अहेरीच्या बाईबद्दल ती काय म्हणते, तेही विचारा. ते लिहून ठेवा. आमच्या पिढीने ते फारसं लिहून ठेवलं नाही.

आता प्रश्न घेऊ. आधी मागच्यांनी विचारा, पुढचे नेहमीच विचारतात.