जोतिबाचा गुलाल आणि फोटोची पेटी

आमच्या आज्ज्याचा फोटो घरात नाही. त्याची खूण म्हणून एका जुन्या खतावर उमटलेला डाव्या हाताचा अंगठा तेवढा आहे. माझ्या नातवाचे मात्र पहिल्या वर्षातच हजारभर फोटो झाले. आज्ज्यापासून नातवापर्यंत पाच पिढ्या होतात. एवढ्यात हे यंत्र कुठल्या कुठं गेलं. जसजसं ते लहान आणि स्वस्त झालं, तसतसा राबणाऱ्या माणसाचा चेहरा त्यात मावायला लागला.

सुरुवातीला ते आपल्यासाठी नव्हतंच. 1839 साली फ्रान्समध्ये लुई दागेरची रीत जाहीर झाली. चांदी चढवलेल्या तांब्याच्या पत्र्यावर चित्र उमटायचं, पण त्यासाठी माणसानं हलायचं नाही. मान हलू नये म्हणून मागनं लोखंडी आधार लावायचे. मग 1851 नंतर काचेची ओली प्लेट आली. औषध लावलेली काच ओली असतानाच फोटो घ्यायचा आणि लगोलग धुवायचा. म्हणजे फोटोवाला बाहेर निघाला की काचा, बाटल्या आणि अंधारा तंबू असा बैलगाडीभर संसार. असल्या लवाजम्यापुढं राजे आणि साहेब बसणार. नांगरामागच्या गड्याला कोण बोलावतंय? पुढं 1888 मध्ये अमेरिकेत ईस्टमननं कोडॅक काढला. आत शंभर फोटोंचा रोल. तो संपला की अख्खा कॅमेराच कारखान्याला धाडायचा. 1900 साली त्यांचाच ब्राउनी एका डॉलरला मिळू लागला.

आमच्या कोल्हापुरानं तर कॅमेरा स्वतः घडवायचं मनावर घेतलं. आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे मेस्त्री घराण्यातले भाऊ. नाटकांचे पडदे रंगवण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. ‘राजा हरिश्चंद्र’ बघून त्यांना सिनेमाचा नाद लागला. आनंदराव 1916 साली वारले. बाबूरावांनी हातातलं काम सोडलं नाही. शिष्य दामल्यांना बरोबर घेऊन त्यांनी 1918 पर्यंत चालता कॅमेरा उभा केला. शाळेत शिकून आलेली ही विद्या नव्हती. रंधा, कानस आणि नजर यांच्या जोरावर झालेलं हे काम. मोट, नांगर, गाडीचं चाक घडवणाऱ्या सुताराला आणि लोहाराला त्याचं मोल लगेच कळेल.

त्याच बाबूरावांनी 1925 मध्ये ‘सावकारी पाश’ हा मूकपट काढला. देवादिकांच्या कथा पडद्यावर चालत होत्या, त्या काळात त्यांनी कर्जापायी जमीन गेलेला शेतकरी दाखवला. तरुण शेतकऱ्याचं काम व्ही. शांताराम यांनी केलं. ज्या खतांवर आमच्या आज्ज्यांचे अंगठे उठले, त्या खतांची गोष्ट कॅमेऱ्यानं सांगितली. कोल्हापूरच्या सिनेमाचं मोठेपण मला त्यात वाटतं.

आमचं गाव जोतिबाच्या डोंगराच्या पायथ्याला. गावाकडं कॅमेरा आला तो जत्रेतनं. फोटोवाल्याची तिकाटण्यावरची लाकडी पेटी, डोक्यावर काळं फडकं आणि मागं रंगवलेला पडदा: राजवाडा, कारंजं, नाहीतर मोटार. लग्न झालं की जोडीनं जोतिबाला जायची आमच्याकडं रीत. माझ्या आईबापाचा लग्नानंतरचा एकुलता एक फोटो डोंगरावरचाच. दोघं ताठ, हातात नारळ, कपाळभर गुलाल. पण काळ्यापांढऱ्या फोटोत तो गुलाल राखेसारखा करडा दिसतो. बाजूला एक फेटेवाला उभा आहे. तो कोण, हे आई हयात असताना कुणी विचारलं नाही. आता सांगणारं कुणी उरलं नाही. चेहरा राहिला, नाव गेलं.

आम्ही शाळेत असताना आगफाचा क्लिक थ्री ज्याच्या घरी असेल, त्याचा गावात रुबाब. एका रोलमध्ये बारा फोटो. म्हणून एकेक बटण विचार करून दाबायचं. पुढं रंगीत रोल आला, छत्तीस फोटोंचा, आणि चैत्र जत्रेतला गुलाल फोटोत पहिल्यांदा गुलाबी दिसला. आईनं तो फोटो हातात धरून सासनकाठीला पाया पडावं तसा कपाळाला लावला.

कोडॅकच्याच कारखान्यात 1975 साली स्टीव्ह सॅसन या इंजिनियरानं बिनरोलचा कॅमेरा बनवला. एक चित्र कॅसेटवर उतरायला 23 सेकंद लागायचे. आज चैत्रात डोंगरावर ‘चांगभलं’चा गजर उठला की हजारो हात मोबाईल धरून वर जातात. गुलाल शिरू नये म्हणून पोरं तो प्लॅस्टिकच्या पिशवीत घालतात. फोटोला पैसा नाही, रोल संपायची धास्ती नाही.

पण मोबाईल पाण्यात पडला की सगळी जत्रा बुडते. आमच्या भावकीत एका आत्तीचे शेवटचे फोटो असेच गेले. म्हणून पोरांना मी सांगतो: वर्षाला निदान दहा फोटो कागदावर काढून घ्या. मागं पेन्सिलीनं नावं, गाव आणि साल लिहा. आणि घरात जुना फोटो असेल तर तो घेऊन आजच म्हाताऱ्या माणसाजवळ बसा. फेटेवाला कोण, ते विचारून घ्या.