नोरी

पोर्फायरा व पायरोपिया या प्रजातींतील तांबड्या समुद्रशैवलांपासून बनणारा, कागदासारखा पातळ जपानी खाद्यपदार्थ. बारीक चिरलेले शैवल पाण्यात कालवून चौकटीत पसरायचे आणि वाळवायचे, ही रीत एडो काळात हातकागदाच्या धंद्यावरून उचललेली. आजचा प्रमाणित ताव सुमारे २१ × १९ सेंमी. असतो. विस्तवावर शेकला की त्याचा जांभळट काळा रंग हिरवा होतो. तांबडे रंगद्रव्य उष्णतेने मोडते, हरितद्रव्य टिकते. सुशीची गुंडाळी व ओनिगिरी हा भाताचा मुटका यांसाठी तो वापरतात.

लागवड जुनी असली, तरी बीज येते कुठून हे शेतकऱ्यांना ठाऊक नव्हते. खाडीत काठ्या रोवून वाट पाहायची. पीक येईल ते येईल. मँचेस्टर विद्यापीठातील कॅथलीन ड्रू-बेकर यांनी १९४९ मध्ये कोडे उलगडले : स्वतंत्र जाती समजले जाणारे, शिंपल्यांत वाढणारे सूक्ष्म तंतू ही याच शैवलाची एक अवस्था होती. त्यावरून जपानी संशोधकांनी शिंपल्यांवर बीज वाढवून जाळ्यांवर रुजवण्याचे तंत्र बसवले. ड्रू-बेकर स्वतः जपानला कधी गेल्या नाहीत. तरी कुमामोतो प्रांतातील उतो येथे त्यांचे स्मारक असून १४ एप्रिलला तेथे त्यांचे स्मरण होते.

कोरियात याच तावांना तिळाचे तेल व मीठ लावून भाजतात (गिम). वेल्समध्ये मात्र ताव करत नाहीत. तेथे शैवल तासन्‌तास शिजवून काळपट लगदा करतात, ओटच्या पिठात घोळवून तळतात आणि न्याहारीला बेकनसोबत खातात. दिसायला ते फारसे मोहक नसते.